थंड डोंगराळ भागातील घर: खिडक्यांच्या काचा बदलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रसपाटीपासून हजार-दोन हजार मीटर किंवा त्याहून उंचावर, जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो, अशा घरांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. चौकटी शाबूत आहेत आणि फक्त काचा बदलायच्या आहेत, असे येथे धरले आहे. काचेविषयीचे बहुतेक सल्ले सपाटीवरची घरे डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. डोंगरात त्यातले काही जसेच्या तसे लागू पडतात, काही मात्र चांगलेच अंगाशी येतात.

नुसती काच बदलून खरोखर किती फरक पडतो?

बराच पडतो. काचेतून उष्णता किती वेगाने बाहेर जाते हे यू-व्हॅल्यूवरून कळते. आत-बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर काचेतून जितके वॅट जातात, ती त्या काचेची यू-व्हॅल्यू. आकडा जितका लहान, तितकी काच चांगली. ४ मिमी एकेरी काचेची यू-व्हॅल्यू साधारण ५.७ असते, लेप नसलेल्या दुहेरी काचेची (मध्ये सीलबंद पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचांची) २.८, लो-ई लेप (उष्णता अडवणारा पातळ थर, त्याविषयी पुढे) आणि पोकळीत आर्गॉन वायू असलेल्या दुहेरीची १.१, आणि दोन लेप असलेल्या तिहेरीची ०.६ च्या आसपास.

आत २० अंश, बाहेर उणे १५ आणि खिडकी दीड चौरस मीटरची, असे धरू. एकेरी काचेतून सुमारे ३०० वॅट जातात, साध्या दुहेरीतून १४७, लेपाच्या दुहेरीतून ५८ आणि तिहेरीतून ३१. सगळ्यात मोठा फायदा कुठे आहे ते इथेच दिसते: एकेरी काढून लेपाची दुहेरी घातली की २४० वॅट वाचतात, त्यावर तिसरी काच चढवून आणखी सत्तावीस.

या हिशेबात फटींतून येणारा वारा धरलेला नाही. पल्ला चौकटीला नीट टेकत नसेल तर आधी रबरी गॅस्केट बदला. ते काम काचेच्या मानाने फार स्वस्त आहे, आणि ते राहून गेले तर उत्तम काच लावूनही खिडकीजवळ बसवत नाही.

दोन विक्रेत्यांनी दिलेले यू-व्हॅल्यूचे आकडे फारच वेगळे आहेत. कोणावर विश्वास ठेवायचा?

दोघेही खरे असू शकतात. आधी आकडा काचेच्या मध्यभागाचा आहे की चौकटीसह पूर्ण खिडकीचा, ते विचारा. काचेची कड आणि चौकट बहुधा मध्यभागापेक्षा जास्त उष्णता घालवतात, त्यामुळे मध्यभागी १.१ असलेली काच जुन्या चौकटीत बसल्यावर पूर्ण खिडकीचा आकडा त्याहून बराच वर जातो. मग एकक पाहा. अमेरिकी पद्धतीच्या लेबलवरचा आकडा ५.६८ ने गुणला की मेट्रिक आकडा मिळतो, म्हणजे तिथला ०.३० हा इथला १.७ आहे. ०.३० पाहून ती तिहेरी काचेहून सरस आहे असे समजणाऱ्यांची फसगत होते.

लो-ई लेप म्हणजे नेमके काय?

काचेवर चढवलेला धातूचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, जवळजवळ अदृश्य थर. दुहेरी काचेच्या पोकळीतून जाणारी निम्म्याहून अधिक उष्णता प्रारणाने जाते. आतली ऊबदार काच बाहेरच्या गार काचेकडे उष्णता फेकत असते. साध्या काचेची उत्सर्जकता, म्हणजे प्रारणाने उष्णता फेकण्याची क्षमता, सुमारे ०.८५ असते. लेपामुळे ती इतकी खाली येते की हा मार्ग जवळपास बंद होतो.

लेप दोन प्रकारचे आहेत. कडक लेप काच बनत असतानाच गरम पृष्ठभागावर बसवतात. त्याची उत्सर्जकता ०.१५ ते ०.२ असते आणि तो उघड्यावरही टिकतो. मऊ लेप चांदीचा, उत्सर्जकता ०.०२ ते ०.०५. त्याला हवा आणि ओल चालत नाही, म्हणून तो कायम सीलबंद पोकळीच्या आतच असावा लागतो. कडेला जिथे सील चिकटते तिथला मऊ लेप घासून काढलेला आहे ना, हे जरूर पाहा. तो तसाच राहिला तर गंज कडेकडून आत सरकत जातो. सीलबंद दुहेरी काचेसाठी मऊ लेपच घ्यावा. कडक लेपाची खरी जागा जुन्या खिडकीच्या आत बसवायच्या जादा तावदानावर आहे.

लेप कोणत्या बाजूला हवा? आणि काच आल्यावर ते तपासायचे कसे?

काचेच्या बाजू बाहेरून आत मोजतात: बाहेरच्या काचेची बाहेरची बाजू १, तिचीच आतली २, आतल्या काचेची पोकळीकडची ३ आणि खोलीकडची ४. लेप २ वर असो वा ३ वर, यू-व्हॅल्यू तीच राहते. बदलते ते आत येणारे ऊन. थंड प्रदेशात ऊन हवे असते, म्हणून लेप ३ वर. तिहेरी काचेत सहा बाजू होतात, तिथे बहुधा २ आणि ५ वर लेप असतो.

तपासायला लायटर पुरतो. अंधाऱ्या जागी, खोलीकडच्या बाजूने ज्योत काचेजवळ धरा आणि तिरके पाहा. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबे एकामागे एक दिसतात. तीन सारख्या रंगाची असतात आणि लेपावरची एक वेगळी, थोडी गुलाबी किंवा निळसर. तुमच्याकडून मोजत दुसरी वेगळी असेल तर लेप ३ वर आहे, तिसरी वेगळी असेल तर २ वर, म्हणजे काच उलटी बसली आहे किंवा उलटी बनवली आहे. चारही सारख्याच दिसल्या तर बहुधा लेपच नाही. काच चौकटीत जाण्याआधी ही तपासणी करा, कारण बीडिंग (काच धरून ठेवणारी पट्टी) ठोकल्यावर कोणीही ती आनंदाने पुन्हा काढत नाही.

सगळ्या खिडक्यांना एकच काच चालेल का?

चालेल, पण ते योग्य नव्हे. काचेवर पडलेल्या उन्हातला किती भाग उष्णता म्हणून आत येतो ते सौर गुणांकावरून कळते. साध्या दुहेरी काचेत तो ०.७८ च्या जवळ असतो, ऊन आत घेणाऱ्या लो-ईत ०.६ ते ०.६५, तिहेरीत सुमारे ०.५ आणि ऊन अडवणाऱ्या लो-ईत ०.३ ते ०.४.

हिवाळ्यात दुपारचे ऊन ज्या बाजूला पडते (उत्तर गोलार्धात दक्षिणेला), तिथे ०.६ च्या वरचीच काच मागा. काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडत असेल तर दीड चौरस मीटरच्या खिडकीतून ५४० वॅट आत येतात. त्याच वेळी बाहेर जातात ते साठाहून कमी. तीच खिडकी ऊन अडवणाऱ्या काचेची असेल तर २७० च मिळतात. यू-व्हॅल्यू दोन्हींची सारखी, म्हणून यू-व्हॅल्यूच तेवढी पाहून घेतलेली काच घरातली फुकटची शेकोटी विझवू शकते. ऊन न पडणाऱ्या बाजूला सौर गुणांकाची चिंता सोडा, तिथे फक्त यू-व्हॅल्यू पाहा. मावळतीकडे मोठी खिडकी आणि समोर बर्फाचे मैदान असेल तर मात्र जपून. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो आणि ते तिरके ऊन संध्याकाळी खोली नकोशी गरम करते. तिथे ०.४ च्या आसपासची काच बरी.

घराच्या उंचीचा काचेशी काय संबंध?

डोंगरातल्या घराचा खरा प्रश्न हाच, आणि ऑर्डर देताना नेमका तोच विचारायचा राहतो. दुहेरी काचेच्या पोकळीत कारखान्याच्या उंचीवरची हवा कायमची कोंडलेली असते. उंची वाढते तसा बाहेरचा दाब उतरतो: समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कल, २००० मीटरवर ७९.५, ३००० वर ७०. घाट चढताना वेफर्सचे पाकीट फुगते, तशीच काचही फुगते. उंचीच्या दर १०० मीटर फरकामागे पोकळीत साधारण १.२ किलोपास्कल जादा दाब तयार होतो.

२००० मीटर फरकाला आतल्या वायूला २७ टक्के अधिक जागा हवी असते. १६ मिमीची पोकळी सरासरी २० मिमीच्या पुढे जाऊ पाहते. मोठे, पातळ तावदान वाकून ती जागा देते, दाब बराचसा उतरतो, आणि काचेत दिसणारी प्रतिबिंबे तेवढी वेडीवाकडी होतात. अरुंद तावदान वाकू शकत नाही, मग दाब काचेत आणि कडेच्या सीलमध्ये साठतो. म्हणूनच स्वयंपाकघराची किंवा न्हाणीघराची चिंचोळी खिडकी आधी तडकते आणि दिवाणखान्याची भलीमोठी काच टिकून राहते, हे पाहून लोक चक्रावतात. अशा वेळी जाड काच घेण्याचा सल्ला मिळतो, पण जाड काच आणखी कमी वाकते आणि सगळा ताण सीलवर जातो. एक काच जाड आणि एक पातळ असेल तर वाकण्याचे जवळपास सगळे काम पातळीला करावे लागते.

तापमानही यात भर घालते. पोकळीतला वायू ३ अंशांनी तापला की दाब सुमारे १ किलोपास्कलने वाढतो. त्यामुळे सर्वांत वाईट घडी कडाक्याच्या थंडीची नसून स्वच्छ उन्हात काच तापते तेव्हाची असते.

मग उपाय काय?

उत्तम उपाय म्हणजे घराच्या जवळपासच्या उंचीवर काम करणाऱ्या कारखान्यातूनच काच बनवून घेणे. ते जमत नसेल आणि कारखाना व घर यांच्या उंचीत ५००-६०० मीटरच्या वर फरक असेल, तर उत्पादकाकडून लेखी उत्तर घ्या की तो दाबाची सोय कशी करणार आहे. वाटेतला सर्वांत उंच घाटही सांगा. घर १८०० मीटरवर असले तरी ट्रक ३२०० मीटरची खिंड ओलांडून येणार असेल, तर काचेची परीक्षा खिंडीतच होते.

सोय दोन प्रकारे करतात. एक, स्पेसरमध्ये (दोन काचांमधले अंतर राखणाऱ्या कडेच्या पट्टीत) छोटी नळी बसवून ती प्रवासात उघडी ठेवतात, घरी पोहोचल्यावर दाब सारखा झाला की चिमटून पक्की बंद करतात. ही नळी बंद करायला विसरले तर ओल थेट आत जाते आणि काच लवकरच धुरकट होते. दुसरी पद्धत कॅपिलरी नळीची. ती केसासारखी बारीक आणि लांब स्टेनलेस स्टीलची असते, तिच्यातून हवा अगदी सावकाश ये-जा करते, आणि ती कायम उघडीच ठेवायची असते. तिचे तोंड सीलंटने बुजू देऊ नका, ती दुमडू नका आणि पाणी साचेल अशा जागी ठेवू नका. आपल्याला मिळालेली नळी यातली कोणती, हे बसवणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. दोन्हींची रीत अगदी उलट आहे.

कॅपिलरी नळीतून आर्गॉन निघून जाणार नाही का?

जाईल. म्हणून अशा काचेत आर्गॉनसाठी जादा पैसे मोजू नका, साध्या हवेचीच घ्या. चांगल्या लेपाच्या, १६ मिमी पोकळीच्या दुहेरी काचेची यू-व्हॅल्यू आर्गॉनने १.१ येते आणि हवेने १.४. आपल्या दीड चौरस मीटरच्या खिडकीला हा फरक सोळा वॅटचा. तडकलेल्या किंवा सील फुटलेल्या काचेपेक्षा तो केव्हाही परवडतो. उंचीवरच भरून बंद केलेली काच मिळाली तर आर्गॉन अवश्य घ्या. भरणी ९० टक्के असावी, आणि चांगल्या सीलमधून वर्षाला एक टक्क्याहून कमी वायू निसटतो.

पोकळी जितकी रुंद तितकी चांगली ना?

एका मर्यादेपर्यंतच. हवा किंवा आर्गॉनला १५-१६ मिमी योग्य, क्रिप्टॉनला १०-१२. त्यापुढे वायू आतल्या आत फिरू लागतो आणि उष्णता वाहून नेतो. उंचीच्या दृष्टीने अरुंद पोकळी अधिक सुरक्षित, कारण कोंडलेला वायूच कमी असतो. चिंचोळ्या खिडक्यांना १२ मिमी घेऊन यू-व्हॅल्यूत थोडी माघार घेणे शहाणपणाचे.

दुहेरी की तिहेरी?

हिवाळा लांब असेल, ऊन न पडणाऱ्या बाजूला मोठ्या काचा असतील, किंवा पलंग-टेबल खिडकीला लागूनच असेल तर तिहेरी. एरवी लेपाची दुहेरी पुरते. तिहेरीत दोन पोकळ्या असल्याने उंचीचा ताण जवळपास दुप्पट वायूचा असतो आणि तो बाहेरच्या दोन काचांवर येतो, त्यामुळे वर सांगितलेली काळजी तिथे अधिकच घ्यावी लागते. नळी दोन्ही पोकळ्यांना हवी. एकाच पोकळीला नळी देऊन दुसरी विसरलेली काच येऊ शकते, म्हणून मोजून घ्या.

वजनही पाहा. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. ४ मिमीची एकेरी १० किलो, दुहेरी २०, तिहेरी ३०. एकेरी काचेसाठी बसवलेल्या जुन्या बिजागऱ्यांवर तिप्पट भार आला की पल्ला खाली लोंबतो, घासतो, आणि फटीतून वारा सुरू होतो.

कडेचा स्पेसर कोणता?

ॲल्युमिनियमचा नको. तो स्टेनलेस स्टीलच्या साधारण दहापट उष्णता वाहतो, आणि प्लॅस्टिक किंवा फोमचे स्पेसर स्टीलपेक्षाही कितीतरी कमी. काचेचा मध्यभाग कोरडा आणि खालच्या कडेला मात्र पाण्याची रेघ दिसत असेल, तर कारण बहुधा हेच असते.

नवी काच लावूनही आतून दव का धरते?

काचेचे तापमान दवबिंदूच्या खाली गेले की दव धरते. २० अंशांच्या खोलीत आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू ९.३ अंश, ४० टक्क्यांना ६. बाहेर उणे १५ असताना एकेरी काचेची आतली बाजू उणे ६ च्या जवळ जाते, म्हणजे आतूनच बर्फ धरणार. साध्या दुहेरीची ७ अंशांवर राहते, लेपाच्या दुहेरीची १५ वर, तिहेरीची १७ वर. म्हणून लेपाच्या काचेवर मध्यभागी दव दिसत असेल तर खोलीत ओल फार आहे किंवा जाड पडद्यामागे काचेपर्यंत ऊब पोहोचत नाही. पडदा खिडकीच्या पट्टीपासून वर ठेवा, कपडे घरात वाळवणे थांबवा, स्वयंपाकघरातली वाफ बाहेर काढा.

बाहेरच्या बाजूला सकाळी दव किंवा हिमकण दिसले तर उलट समाधान माना. आतली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ.

टफन्ड काच हवीच का?

सगळीकडे नको. दारालगत, जमिनीलगत आणि छतावरचा बर्फ घसरून आदळेल अशा जागी टफन्ड (तापवून झटकन गार करून मजबूत केलेली) किंवा लॅमिनेटेड (मध्ये प्लॅस्टिकचा थर घालून जोडलेली) घ्या. डोक्यावरच्या तिरक्या खिडकीत आतली काच लॅमिनेटेडच हवी, म्हणजे फुटली तरी तुकडे अंगावर पडत नाहीत. लॅमिनेटेड काच अतिनील किरणेही जवळपास सगळी अडवते. उंचावर ही किरणे तीव्र असल्याने पडदे-गालिचे विटण्याचा त्रास तिने कमी होतो.

दुसरे कारण उष्णतेच्या तड्याचे. काचेचा मधला भाग उन्हात तापला आणि कड चौकटीत किंवा सावलीत गार राहिली, की साधी काच सुमारे ४० अंशांच्या फरकाला कडेकडून तडकू शकते. टफन्ड २०० अंशांपर्यंत सोसते. छज्जाची सावली अर्ध्या काचेवर पडत असेल, आतून हीटर जवळ असेल किंवा खाली बर्फ साचून राहत असेल, तर टफन्डचा खर्च सार्थकी लागतो. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तेव्हा माप एकदाच आणि अचूक.

जुन्या लाकडी चौकटीची खाच उथळ आहे. काय करता येईल?

४-१६-४ ची (काच-पोकळी-काच, मिमीत) दुहेरी काच २४ मिमी जाड, १२ च्या पोकळ्यांची तिहेरी ३६. खाचेत काच, शिवाय बीडिंग आणि दोन्ही बाजूंची पट्टी मावली पाहिजे. मावत नसेल तर व्हॅक्यूम काच पाहा. दोन काचांमध्ये मिलिमीटरच्या काही दशांशाएवढीच फट, तिच्यात निर्वात पोकळी आणि काचा चिकटू नयेत म्हणून बारीक ठिपक्यांसारखे खांब. जाडी ६ ते ९ मिमी आणि यू-व्हॅल्यू तिहेरीच्या तोडीची. आत वायूच नसल्याने उंचीचा प्रश्न उरत नाही. तिची कड मात्र गार राहते, म्हणून ती खाचेत खोलवर झाकली गेली पाहिजे.

कमी खर्चाचा मार्ग म्हणजे जुनी काच तशीच ठेवून आतून दुसरे तावदान बसवणे, ५० ते १०० मिमी अंतरावर, कडक लेप पोकळीकडे करून. आतले तावदान घट्ट बंद आणि बाहेरचे किंचित श्वास घेणारे असावे. उलटे झाले तर खोलीतली ओल मधल्या जागेत जाऊन बाहेरच्या काचेवर गोठते.

माप कसे घ्यायचे?

बीडिंग काढून खाचेचे माप घ्या. रुंदी वर, मध्ये, खाली; उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. प्रत्येकातले सर्वांत लहान माप धरा आणि दोन्हींतून १० मिमी वजा करा, म्हणजे चारही बाजूंना ५ मिमी मोकळीक राहते. दोन्ही कर्णही मोजा. त्यांत ५-६ मिमीचा फरक असेल तर चौकट तिरकी आहे, मोकळीक पुरणार नाही. लिहिताना आधी रुंदी, मग उंची, मिलिमीटरमध्ये.

ऑर्डरवर एवढे तरी असावे: दोन्ही काचांची जाडी, पोकळी, स्पेसरचा प्रकार, वायू, लेप कोणत्या बाजूला, मध्यभागाची यू-व्हॅल्यू, सौर गुणांक, घराची उंची, वाटेतल्या घाटाची उंची, नळी हवी की नको आणि कोणती.

बसवताना हमखास काय चुकते?

काच थेट चौकटीवर टेकवतात. ती दोन कडक रबरी किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर उभी राहिली पाहिजे. ठोकळे दोन्ही कोपऱ्यांपासून रुंदीच्या चौथ्या हिश्शावर ठेवावेत आणि ते काचेच्या पूर्ण जाडीखाली यावेत. फक्त एका काचेखाली ठोकळा आला तर दुसरी आपल्या वजनाने सीलवर लोंबकळते. खाचेच्या तळाला पाणी निघायला भोके हवीत आणि ठोकळ्याने ती बुजता कामा नयेत. साचलेल्या पाण्यात उभी असलेली कड हे सील खराब होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. बर्फ वितळताना ते पाणी दिवसचे दिवस राहते.

जवसाच्या तेलाची जुनी लांबी (पुट्टी) या काचेला वापरू नका, आणि व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉनही नको. दोन्ही कडेच्या सीलला आणि लॅमिनेटेड काचेच्या थराला खातात. न्यूट्रल सिलिकॉन घ्या, काम कोरड्या दिवशी आणि ५ अंशांच्या वर तापमान असताना करा.

दोन काचांच्या मध्ये धुके दिसते, पुसले तरी जात नाही. दुरुस्त होईल का?

नाही. सील गेले आहे आणि स्पेसरमधले ओल शोषणारे दाणे भरून गेले आहेत. भोक पाडून वाळवण्याच्या उपायाने धुके काही काळ जाते, पण वायू आणि सील परत येत नाहीत, शिवाय मऊ लेपाला ओल लागलेलीच असते. चौकट चांगली असेल तर तेवढेच तावदान बदला. काढताना आधी खालचे ठोकळे आणि पाण्याची भोके पाहा. भोके बुजलेली असतील तर ती मोकळी केल्याशिवाय नवी काच आत ठेवू नका.